आवतन न दिलेली साल

…आणि गप्प म्हणजे अगदी गप्प, इथवर काल आलो होतो आपण. झोपेतून उठल्यापासून एक शब्द नाही. खोकला आला तरी गिळायचा. मी सातवीपर्यंत शिकलो. त्या सात वर्षांत नरसिंग गुरुजींना छडी मोडेपर्यंत जे जमलं नाही, ते शिवम्मा अक्कानं एका सकाळी करून दाखवलं. या व्यंकटीला दोन तास गप्प ठेवलं.

पण काल मध्येच लाईट गेली, तुम्ही उठून गेलात, आणि ही शिवम्मा कोण ते सांगायचंच राहून गेलं. तेव्हा आधी ती.

आमचं गाव किल्लारीच्या अंगाचं. भूकंपात जुनं गाव बसलं, मग तीन किलोमीटरवर नवं गाव झालं, सिमेंटच्या घरांच्या सरळ रांगांचं. त्यातल्या चौथ्या रांगेत अक्का एकटी राहते. सत्तरी ओलांडली आहे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आवाज असा हळू की माणूस आपोआप पुढं वाकतो. लेकराला हगवण लागली की बाया अजून तिच्याकडं येतात. ती आधी लेकराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडते. कातडी झटकन बसली तर ठेवून घेते. सुस्त बसली तर म्हणते, आधी दवाखाना, मग मी. आशाताईनं दिलेल्या मीठ-साखरेच्या पुड्या तिच्या फळीवर असतात, त्या पाण्यात कालवून आधी पाजते, आणि मग साल उगाळून चाटवते. कुडाच्या झाडाची साल. एवढी कडू की लेकरू रडायचं विसरतं. मी चाखली आहे, म्हणून सांगतो. दोन दिवस मला बायकोचं बोलणं गोड लागत होतं.

ही साल ती एकाच झाडाची काढते, आणि ते झाड आहे जुन्या गावात.

जुन्या गावात आता काही नाही. दगडांचे ढीग, त्यावर सीताफळी आणि वेडी बाभूळ. तिथं अक्का चप्पल काढून शिरते. लोकांच्या घरात चपला घालून जातात का, असं मलाच विचारते. आणि सरळ जात नाही. ढिगावरून आडवं गेलं तर दोन मिनिटांत झाड येतं. अक्का गल्लीनं जाते. गल्ली कुठं आहे? कुठंच नाही. पण ती अमृतरावाच्या घराला वळसा घालते, मठाच्या कोपऱ्यावर डावीकडं वळते, आणि एका जागी, भर मोकळ्यात, चौकटीला कपाळ लागू नये म्हणून वाकते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग तिच्या मागून चालताना त्याच जागी मीही वाकलो. हसू कुठं गेलं कळलं नाही.

आता माझी नात समीक्षा. ती नांदेडला एका कॉलेजात संशोधन करते, विष्णुपुरीकडच्या रस्त्याला मैत्रिणीबरोबर खोली करून राहते. खेड्यापाड्यात जुलाबावर जी झाडं देतात ती गोळा करायची, त्यांचा अर्क काढायचा, आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या जुलाबाच्या जंतूंवर टाकून बघायचं, हे तिचं काम. जंतू वाढायचे थांबले तर थेंबाभोवती स्वच्छ चकती पडते. डाळिंबाची साल झाली, बेलाचा गर झाला, बाभूळ झाली, कुडा राहिला होता. ती म्हणाली, आबा, आपल्या गावात कुणी देतं का? मी म्हटलं, देतं, पण सांगत नाही.

तरी मार्गशीर्षातल्या थंडीत आम्ही गेलो. मला वाटलं, अक्का दारातूनच वाटेला लावील. तिनं आम्हाला बसवलं, चहा दिला, समीक्षाचं सगळं ऐकून घेतलं, आणि एकच प्रश्न विचारला.

"तुझ्या बशीला आवतन कळतं का, पोरी?"

आवतन म्हणजे काय ते सांगतो. साल उद्या काढायची तर आज संध्याकाळी झाडाकडं जायचं. पाणी घालायचं, हळदीचे तांदूळ ठेवायचे, खोडावरून, फांदीवरून, पानापानावरून हात फिरवायचा आणि सांगायचं, उद्या कामाला ये, लेकरू आजारी आहे. जेवायला बोलावतो तसं. मग सकाळी उजाडायच्या आत, कुणाशी न बोलता जायचं, आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही, उगवतीच्या अंगाची दोन बोटं रुंद साल काढायची. मागून कुणी हाक मारली तर वळायचं नाही, ओ द्यायची नाही. घरी येऊन साल पाट्यावर ठेवली की मगच तोंड उघडायचं. यातलं काही चुकलं तर झाड साल देतं, गुण देत नाही.

समीक्षा म्हणाली, बशीला तसलं काही कळत नाही, आजी. बशी फक्त जंतू बघते.

अक्का म्हणाली, मग हेच बघून दे. एक साल आवतनाची, एक बिगर आवतनाची. दोन्हीचा गुण सारखा का कमीजास्त, तेवढं सांग, आणि तुला पाहिजे ते घेऊन जा.

असं का, ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी काढत नव्हतं. भूकंपात अक्काचा नवरा शंकरप्पा गेला. ती आणि तिची सहा वर्षांची नीलम्मा बाहेर अंगणात निजल्या होत्या, त्या राहिल्या. मग आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये आलो. पाऊस थांबत नव्हता. दोन आठवड्यांनी पहाटे नीलूला हगवण लागली. डॉक्टरांचा तंबू होता, पण अक्काचा यकीन आपल्या सालीवर. आवतन द्यायला आदली संध्याकाळ उरलीच नव्हती. ती तशीच उठली, अंधारात जुन्या गावात गेली, साल आणली, उगाळून दिली. दिवस मावळायच्या आत पोरगी गेली. मी तिला मातीत ठेवायला गेलेल्यांतला एक. अक्का तेव्हा रडली नाही. एवढंच म्हणाली की मी झाडाला बोलावलं नव्हतं. आणि तीस वर्षं तेच मनात धरून बसली.

समीक्षा काही बोलणार होती, मी तिचा हात दाबला. अक्का खालमानेनं बशीतला चहा हलवत होती.

"मला उत्तर ठावं पायजे," ती म्हणाली. "ती इचारती."

कोण विचारते, असं मी विचारलं. अक्कानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी रोज जेवतो त्या ताटाचं नाव विचारलं. "नीलू," म्हणाली.

मी मनात म्हटलं, वय झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं आवतन दिलं आणि तिसऱ्या दिवशी उजाडायला आम्ही तिघं निघालो. पुढं अक्का हातात कोयता घेऊन, मध्ये समीक्षा, मागं मी, तोंडाला मफलर बांधून, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता. धुकं असं होतं की समीक्षाची पाठसुद्धा पुसट दिसत होती. गल्ली, मठाचा कोपरा, चौकट. तिघंही वाकलो. झाडापाशी अक्कानं साल काढली. खोडातून पांढरा चीक आला, थेंब थेंब. परत वळलो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अव्वा."

एकदाच. अव्वा म्हणजे कानडीत आई. ओरडून नाही. चुलीपाशी बसलेल्या आईला दारातून मारतात तशी, उत्तराची खात्री असलेली हाक. अक्काचं पाऊल चुकलं नाही, मान हलली नाही. फक्त कोयता धरलेल्या हाताची मूठ घट्ट झाली, झाडापासून निघताना ती माझ्या अंगाशीच होती म्हणून तेवढं मला दिसलं.

घरी साल पाट्यावर ठेवली आणि तिनं मला विचारलं, आयकलं?

मी म्हटलं, मोर असंल.

"मोर मला अव्वा म्हणत न्हाई, व्यंकटी."

दर खेपेला येते ही हाक, ती सांगत होती, जशी दूधवाल्याची वेळ सांगावी. साल हातात असते, लेकरू आजारी असतं, वळलं तर दवा फुकट जाते. म्हणून वळत नाही. आणि वळून तरी काय सांगायचं? ती विचारणार, मला का दिली तसली साल. उत्तर नाही.

पुढं समीक्षा नांदेडला निघाली तेव्हा बसस्टँडवर मी तिला हळूच विचारलं, तू ऐकलंस का? ती म्हणाली, मोर असेल, आबा. ठीक आहे. पण जी पोरगी वहीत त्या सकाळची थंडीसुद्धा आकड्यात लिहिते, तिच्या त्या पानावर मोर नव्हता. मी बघितलं.

आता राहिली बिगर आवतनाची साल. झाड तेच, बाजू तीच, उंची तीच पाहिजे, असं समीक्षाचं म्हणणं. अक्का आवतनाशिवाय हात लावणार नव्हती. पोरीला ती लावू देईना. राहिलो मी. आम्ही छप्पनपासूनचे बौद्ध, असलं काही मानत नाही, हे मी गावात तीस वर्षं मोठ्यानं सांगत आलोय. मग मीच जायला पाहिजे होतं ना?

भर दुपारी गेलो. मुद्दाम चपला घालून, मुद्दाम ढिगावरून आडवा, मुद्दाम मोठ्यानं बोलत. अमृतरावाच्या म्हशीचा किस्सा मी मलाच सांगत होतो, तो तुम्हाला सांगितलाय, नसेल तर उद्या. निम्मा किस्सा झाल्यावर ध्यानात आलं की मी श्वास घ्यायला थांबलो की मागची पाचोळ्यातली पावलं थांबतात, आणि मी बोलायला लागलो की चालायला लागतात. कोणी गोष्ट ऐकत मागं यावं, तसं. बारकी पावलं.

मी किस्सा सोडला नाही. सोडायची हिंमत झाली नाही. बोलत बोलत झाडाला कोयता लावला. साल सुटली, चीक आला. आणि किस्सा संपला. शेवट करायचा म्हणून मी हसलोसुद्धा. मागं बरोब्बर माझ्या कमरेएवढ्या उंचीवरून आवाज आला, अगदी जवळून. "अव्वा?" या खेपेला विचारल्यासारखा.

मी मानत नाही. पण मी वळलोही नाही. चपला हातात घेतल्या आणि गल्लीनं परत आलो, मठाच्या कोपऱ्यावरून, चौकटीत वाकून.

आवतनाच्या सालीला पांढरा दोरा, माझ्या सालीला काळा. समीक्षा पिशवी बांधत होती तेव्हा अक्कानं ट्रंक उघडली आणि तळातून एक पुरचुंडी काढली. नीलूच्या झग्याचा तुकडा होता, निळ्या फुलांचा. आत बोटभर सुकलेली साल. त्या दिवशीची. अर्धी दिली होती, अर्धी राहिली होती. फेकता आली नव्हती. हिला पण बघ म्हणाली.

तीन आठवड्यांनी समीक्षाचा फोन आला. तिला गावी येऊन सांगायचं होतं. अक्का म्हणाली, मी येते, मला बशी बघायची आहे. लातूरहून एसटीनं निघालो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मी भजी घेतली, अक्कानं आपली ज्वारीची भाकरी सोडली, आणि नांदेड येईपर्यंत तिनं माझे नऊ किस्से ऐकून घेतले. एकालाही हूं म्हणाली नाही.

प्रयोगशाळेत ट्यूबच्या उजेडात समीक्षानं दोन बशा पुढं ठेवल्या. ढगाळ, पिवळट, आणि मधोमध स्वच्छ गोल चकत्या, पाण्याच्या थेंबाएवढ्या. चकत्या मोजणाऱ्या तिच्या सोबत्याला, आनंदराजला, कुठला दोरा कशाचा ते तिनं सांगितलंच नव्हतं. तीन वेळा मोजलं. दोन्ही सालींच्या चकत्या सारख्या.

अक्कानं काचेवर बोट ठेवलं, एका चकतीवर, मग दुसरीवर.

"म्हंजी झाड रुसलं न्हाई."

नाही आजी, समीक्षा म्हणाली. आणि वही मिटायला लागली. तुम्हाला सांगतो, मला वाटलं इथं थांबावं. उठावं, गुरुद्वारा बघावा, घरी जावं. पण अक्का खुर्चीतून उठली नाही. तिसरीचं सांग म्हणाली.

तिसरीभोवती चकती पडली नव्हती. त्यावरून काही ठरत नाही, तीस वर्षांच्या सालीत जोर राहत नाही, असं समीक्षानं आधी सांगून टाकलं. म्हणून तिनं सालीचा पातळ काप काढून दुर्बिणीखाली बघितला, मग तिच्या सरांनी बघितला. मग तिनं हळू आवाजात, पण सरळ सांगितलं. ती साल अक्काच्या झाडाची नव्हती. कडू कुड्याची नव्हतीच. दिसायला तसाच एक गोडा कुडा असतो, खोड सारखं, चीक सारखा, साल वाळल्यावर तर भल्याभल्यांना ओळखू येत नाही. पान वेगळं असतं, आणि शेंगा. कडू कुड्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात, गोड्याच्या टोकाला जुळलेल्या असतात. आणि तसलं एक झाड तिथंच, अक्काच्या झाडापासून पाच पावलांवर उभं आहे. गावातून निघायच्या आधी तिनं आसपासच्या झाडांचे नमुने घेतले होते, त्यात त्याची फांदी होती, ती तिनं तपासली होती.

अक्कानं डोळे मिटले. तिचा हात मांडीवर चालायला लागला, दोन बोटांनी, पावलं टाकावी तसा. एक वळण घेतलं. दुसरं घेतलं. मग बोटं थांबली.

ती म्हणाली, मी गोठ्याच्या भिंतीपासून धा पावलं मोजायची. त्या दिशी अंधार व्हता, पाऊस व्हता. मी भिंतीपासूनच मोजली. पण भिंत जाग्यावर कुठं व्हती? ती पडून पुढं आली व्हती.

चाखून नाही बघितलं का, मी विचारलं. विचारायला नको होतं.

"बघितलं. कडू लागली. तवा पाणी बी कडू लागायचं, व्यंकटी."

समीक्षानं तिचा हात धरला. सांगितलं की गोड्या कुड्यानं पोरीचं काही वाईट केलं नाही. बशीत जंतू थांबले म्हणून अंगातही थांबतील असं नसतं. तिच्या अंगातलं पाणी गेलं, त्यानं ती गेली. खरी साल असती तरी नुसत्या सालीनं ती वाचली असती, असं मी म्हणू शकत नाही, आजी. वाचली नसती, असंही म्हणू शकत नाही.

अक्का ऐकत होती.  मग म्हणाली, आवतन दिलं असतं तर आदल्या सांजेला पानाला हात लागला असता. पान येगळं हाय, ते हाताला कळलं असतं.

माझ्या नातीनं वही उघडली आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं. 

परतीला अक्का खिडकीशी बसली. मी एकही किस्सा सांगितला नाही. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना ती माझ्या दारात उभी. पाण्याचा तांब्या नाही, तांदूळ नाहीत, हात मोकळे. चल, म्हणाली. मला न्यायचं कारण मी विचारलं नाही. मला वाटतं, तिला साक्षीला कुणी पाहिजे होतं, आणि हे सांगत बसणारा माणूस म्हणून तिला मीच आठवलो असेन.

चपला काढल्या. अमृतरावाच्या घराला वळसा, मठाचा कोपरा, चौकट. झाड आलं. तिनं वर बघितलं. शेंगा जोडीजोडीनं, सुट्या, लांब लोंबत होत्या. मग ती पाच पावलं चालली. त्या दुसऱ्या झाडाखाली उभी राहून एक फांदी खाली ओढली. तिथल्या शेंगा टोकाला टोक लावून जुळलेल्या, हात जोडावेत तशा. तिनं पानावरून हात फिरवला, एकेका पानावरून, आवतन देताना फिरवते तसा. फांदी सोडली आणि दोन झाडांच्या मधोमध येऊन थांबली.

ऊन गेलं. दगडांवरची ऊबसुद्धा गेली. पाखरं बसली होती ती एकदम गप्प झाली, कुणी बोट दाखवून गप्प करावं तशी. मला माझ्याच मफलरचा वास येत होता, एवढी हवा थांबली होती.

"अव्वा."

आमच्या पाठीमागून. जवळून.

मी झाडाच्या खोडाकडं बघत राहिलो. खोडावर माझ्या कोयत्याची खूण होती, तिच्यातला चीक वाळून काळा झाला होता. त्याच्याकडं बघतच राहिलो. कापडाची सळसळ झाली, पाचोळा वाजला, आणि मला कळलं की अक्का वळली आहे. एवढ्या वर्षांत त्या जागी ती पहिल्यांदा वळली होती. तिला काय दिसलं ते मला विचारू नका. तिनं सांगितलं नाही, मी बघितलं नाही. पण ती गुडघ्यावर बसली, म्हणजे तोंडासमोर तोंड यायला बसावं लागत असणार. आणि तिनं जी ओ दिली ती मी ऐकली, शब्दाला शब्द.

"हाव गं नीलू, आयकू येत व्हतं मला, दर खेपंला. काय सांगावं ते ठावं नव्हतं, म्हणून बोलले न्हाई. झाड चुकलं व्हतं माझं, बाई. अंधारात भिंत चुकली, झाड चुकलं. आज कोयता घरी ठिवून आलेय. तू बोल आता, मी बसलेय."